ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र : हा काळाबाजार नेमका कोणाच्या खात्यात येतो?

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आज सकाळी वाशीतल्या एका हॉटेलचा मेसेज आला : 'तांत्रिक कारणास्तव आपले बुकिंग रद्द करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होणाऱ्या एका मोठ्या कॉन्सर्टसाठी मी आणि माझी मुलगी गावाहून येणार आहोत. खोली 3,800 रुपयांना पक्की झाली होती, पूर्ण पैसे भरले होते, पावती माझ्याकडे आहे. मुलीने लगेच तेच हॉटेल आणि तीच रात्र पुन्हा उघडून पाहिली. खोली शिल्लक होती. भाव 11,400. म्हणजे आमच्याच खोलीतून आम्हाला काढलं आणि तिचा लिलाव मांडला. वर खोली साडेसात हजारांच्या पुढे गेली की तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. आम्ही लुबाडले जातो त्यातला वाटा सरकारलाही मिळतो, हे आपण नाकारू शकता का?

तिकिटांचं तर बोलायलाच नको. विक्री दुपारी बाराला सुरू होणार म्हणून घरातले सगळे फोन चार्ज करून ठेवले होते. बाराच्या ठोक्याला स्क्रीनवर आलं की आपल्या पुढे रांगेत चार लाखांहून जास्त लोक आहेत. पोर पानावरून हलली नाही, रिफ्रेश केलं तर नंबर जाईल म्हणून फोनला हात लावू देईना. नंबर आला तेव्हा स्वस्त स्टँड राखाडी झाले होते. उरलेलं एक महागडं निवडलं, ओटीपी यायला उशीर झाला आणि 'आपली वेळ संपली'. त्याच वेळी दुसऱ्या एका साईटवर त्याच स्टँडची तिकिटं पाचपट भावाने टांगलेली! पुढे आणखी एक शो जाहीर झाला, म्हणून आमच्या वाट्याला दोन आली. तिथेही शेवटच्या पानावर कन्व्हिनियन्स फी चिकटलीच. अशी टप्प्याटप्प्याने फुगणारी किंमत आणि खोटी घाई यांना केंद्राच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या प्रथा ठरवलं आहे. अशा 13 प्रथांची यादी आहे. यादी आहे, बाकी काय आहे?

हे काही पहिल्यांदा होत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कॉन्सर्टची तिकिटं निघाली, तेव्हा एक कोटीहून जास्त लोक विक्रीच्या साईटवर धावले. साईट कोलमडली. छापील किंमत 2,500 ते 35,000 रुपये असलेली तिकिटं परदेशी साईटवर लाखांच्या घरात गेली. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी लावली, पुढाऱ्यांनी निवेदनं दिली. जनहित याचिका झाली आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळताना सांगितलं की हा विषय धोरणाचा आहे, कायदा करायचा तो विधिमंडळाने. म्हणजे न्यायालयाने बोट आपल्याकडेच दाखवलं. तेव्हापासून अधिवेशनं झाली, गोंधळ झाले, सभात्याग झाले. तिकिटांच्या काळाबाजाराचा कायदा कुठे आहे?

रेल्वेचं तिकीट बेकायदा विकणाऱ्या दलालाला 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आरक्षणाच्या तिकिटावर नाव असतं, टीसी ओळखपत्र मागतो. मग शेकडो रुपयांच्या तिकिटाला जे जमतं ते हजारो रुपयांच्या तिकिटाला का जमत नाही? आयर्लंडसारख्या चिमुकल्या देशाने 2021 मध्ये कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकायला बंदी घातली. त्यांच्याकडे जमलं.

कायदा करून तरी काय होणार, असंही मनात येतंच. खासगी ट्रॅव्हल्सने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, असा शासन निर्णय आपल्याच राज्यात 2018 पासून आहे. दिवाळीला, गणपतीला, कॉन्सर्टच्या आठवड्यात तो कोण पाळतं? रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता वेटिंगवर जातं, त्यामुळे ट्रॅव्हल्सवाला सांगेल तो भाव. कार्यक्रम रात्री दहाला संपणार, पन्नासेक हजार माणसं नेरूळ स्टेशनवर लोटणार, आणि माझ्या हातात आता खोलीही नाही. तरुण मुलीला घेऊन रात्र मी प्लॅटफॉर्मवर काढायची का?

तक्रार करायची तरी कुठे? काळाबाजार म्हटलं की गृह खातं, हॉटेल म्हटलं की पर्यटन, बस म्हटली की परिवहन, लांबची गाडी म्हटली की दिल्ली. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर, 'हे आमच्याकडे येत नाही'. लुबाडला जाणारा माणूस मात्र एकच असतो. मुंबईबाहेरच्या माणसाला तर प्रत्येक गोष्टीचा भाव दुप्पट. मोठं हॉस्पिटल मुंबईत, मंत्रालय मुंबईत, मुलांच्या मुलाखती मुंबईत, आणि आयुष्यात एकदा आवडत्या गायकाला डोळ्यांनी पाहायचं तर तेही मुंबईत. कोणी म्हणेल, ही चैन आहे. माझ्या मुलीने शिकवण्या घेऊन हे पैसे साठवले आहेत. तिच्या आनंदाला चैन म्हणायचा अधिकार मी कोणालाही देत नाही.

ग्राहक संरक्षण हे नाव आपल्या खात्याला आहे, म्हणून आपल्याला लिहिते. तिकिटावर नाव आणि दारात ओळखपत्र सक्तीचं करा. पुनर्विक्री छापील किमतीलाच, नाहीतर गुन्हा. किती तिकिटं खरोखर जनतेला विकली आणि किती पासात, प्रायोजकांत गेली, हे आयोजकाने आधी जाहीर केलंच पाहिजे. पैसे घेऊन पक्की केलेली खोली हॉटेलने रद्द केली तर त्याच भावात दुसरी द्यायची, नाहीतर दंड भरायचा.

उत्तर पाठवाल तेव्हा 'आपले पत्र पुढील कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे' एवढीच ओळ नको. विधेयक कोणत्या अधिवेशनात मांडणार, ते लेखी कळवा.

आपली,
एक ग्राहक