बाबा, टाईमटेबल पाठवतेय, तपासून द्या

ती. बाबा आणि आई,
सा. न.

मी मजेत आहे, जेवण वगैरे नीट चाललंय, ते रविवारी फोनवर होतंच म्हणून परत लिहीत नाही. पण या रविवारी मी एकटीने फिरायला जाणार म्हटल्यावर आईचं "एकटी?" आणि बाबांचं "कशाला पण?" एवढंच ऐकू आलं आणि मग दादाने फोन घेतला, म्हणून म्हटलं सगळं सविस्तर टाईप करूनच पाठवावं. दादा प्रिंट काढून देईल, बाबांनी मोबाईलवर डोळे ताणू नयेत.

तर प्लॅन असा आहे, सगळं इथे जर्मनीतच. लाइपझिगहून न्यूर्नबर्ग, तिथून म्युनिक, मग माइन्झ, ऱ्हाइन नदीच्या काठाकाठाने कोलोन, शेवटी वुपर्टाल आणि परत लाइपझिगला घरी. ऑक्टोबरच्या मध्यात निघतेय कारण म्युनिकचा तो बिअरचा मेळा ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो आणि तोपर्यंत तिथे खोल्यांचे भाव काहीच्या काही असतात (आई, मेळा संपल्यावर जातेय, हे दोनदा वाच). आत्तापर्यंत एखाद्या गावाला सकाळी जाऊन रात्री परत, एवढंच केलं होतं. बॅग घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावाला पुढे पुढे जात राहणं हे पहिल्यांदाच. आणि बाबा, कशाला असं तुम्ही विचारावं म्हणजे कमाल आहे, रेल्वेचा पास निघाला की महिनाभर आधीपासून टाईमटेबल मांडीवर घेऊन कोण बसायचं?

न्यूर्नबर्ग तुमच्यासाठीच आहे. जर्मनीतली पहिली आगगाडी तिथूनच सुटली, ७ डिसेंबर १८३५ ला, न्यूर्नबर्ग ते फ्यूर्थ. इंजिन इंग्लंडहून आणलेलं, चालवणाराही इंग्रज. म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या अठरा वर्षं आधी. तिथे मोठं रेल्वे म्युझियम आहे, फोटो भरपूर काढीन. लाइपझिगहून तिथे जायला साधारण दोन तास लागतात, एर्फुर्टच्या पुढे २०१७ ला चालू झालेली नवी लाईन आहे, १०७ किलोमीटरमध्ये २२ बोगदे आणि २९ पूल, आणि गाडी ३०० च्या स्पीडने जाते. पण त्यामुळे बाहेरचं काही धड दिसत नाही असं लोक म्हणतात, कसाऱ्याच्या घाटात कसं दारात उभं राहून सगळं बघता येतं ते इथे नाही. दारं तर उघडतच नाहीत.

आता सीटचं सांगते, कारण बाबा तुम्ही "कन्फर्म आहे ना?" असं विचारलंत आणि मला फोनवर एका वाक्यात सांगता येईना. इथे तिकीट आणि सीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबच्या गाडीचं तिकीट काढलं म्हणजे त्या गाडीत चढायचा हक्क मिळाला, बसायची जागा मिळाली असं नाही. जागा पाहिजे तर पाच-सहा युरो वेगळे भरून रिझर्व्हेशन करायचं, नको असेल तर करू नका, कोणी जबरदस्ती करत नाही. म्हणजे वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही, चार्ट लागत नाही, गाडी भरली म्हणून तिकीट सहसा बंद होत नाही. मग गाडीत शिरल्यावर प्रत्येक सीटपाशी बारीक पाटी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं की ही सीट अमुक स्टेशनपासून तमुक स्टेशनपर्यंत घेतलेली आहे. त्या आधी किंवा त्या नंतर कोणीही बसावं. आणि रिझर्व्हेशनवाला गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत आला नाही तर त्याचा हक्क गेला. लोक अगदी शांतपणे पाटी वाचतात, बसतात, मालक आला की एक अक्षर न बोलता उठतात आणि पुढची पाटी वाचायला लागतात. भांडण नाही, "जरा सरका ना" नाही. चौथी सीट म्हणून कोणी टेकत पण नाही. मला हे अजून पटत नाही, शंभर युरो भरून दाराजवळ बॅगेवर बसलेली माणसं मी बघितली आहेत आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. बाबा, टीसी म्हणून तुम्ही इथे आठवडाभरात कंटाळला असता, रिझर्व्हेशन असेल तर माणूस मोबाईलवर स्वतःच स्वतःला चेक केलं म्हणून सांगतो आणि टीसी त्याच्याकडे न बघता पुढे जातो. मी सगळ्या लांबच्या गाड्यांना खिडकीची सीट घेतलीये, तेव्हा हो, कन्फर्म आहे.

इथल्या गाड्या घड्याळ लावून घ्यावं अशा चालतात हे जे तुम्ही मोरेकाकांना सांगता ते आता सांगू नका. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आत आली तर ती वेळेवर धरतात. म्हणून गाडी बदलायची आहे तिथे मी तासाभराची फट ठेवलीये. एक तास उशीर झाला तर पंचवीस टक्के पैसे परत मिळतात, दोन तास झाला तर निम्मे. तरी आई तू ॲपवर माझी गाडी बघत बसू नकोस.

आणि आई, रात्रीची एकही गाडी नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामावर. राहायला बायकांच्याच खोल्या असलेली हॉस्टेल बघितली आहेत, रिव्ह्यू वाचून. खायचं म्हणशील तर दशम्या करून नेणार आहे, तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी अजून अर्धी बरणी आहे, थंडीचा कोट आहे, पाय दुखायचे थांबलेत. इथे पोरी एकट्या सगळीकडे फिरतात, मी काही वेगळं करत नाहीये.

माइन्झ ते कोलोन मुद्दाम हळू गाडी घेतलीये, उजव्या हाताला बराच वेळ नदी आणि टेकड्यांवर किल्ले. सुपरफास्ट घेतली असती तर ती डोंगरातून नवीन लाईनने जाते, नदी दिसतच नाही. आई, कोब्लेंझला दुसरी एक नदी येऊन मिळते, संगम आहे, तुझ्या नावाने पाणी डोळ्याला लावीन. वुपर्टालला गाडी वरच्या रुळाला लटकून बहुतेक नदीवरून जाते, १९०१ पासून, तेरा किलोमीटर. १९५० ला कुठल्यातरी सर्कशीच्या जाहिरातीसाठी तिच्यात हत्तीचं पिल्लू चढवलं होतं, ते घाबरून खिडकी फोडून खाली नदीत पडलं आणि थोडंसं खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. परत येताना हाम स्टेशनला वुपर्टालकडून आलेली अर्धी गाडी आणि एसेनकडून आलेली अर्धी गाडी जोडून एक करतात, मिनिटांत, प्रवासी आत बसलेले असताना. बाबा त्याचा व्हिडिओ नक्की.

पैशाचं. तिकिटं लवकर काढली की वीस-पंचवीस युरोत मिळतात, आणि न्यूर्नबर्ग-म्युनिक आणि नदीकाठची गाडी माझ्या महिन्याच्या पासावरच होते. उधळपट्टी नाहीये. लोनचा हप्ता गेलाय, शिवाय साठ हजार दादाच्या खात्यावर टाकलेत, त्याच्या लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स त्यातून द्या, बाबांच्या मोतीबिंदूचे त्यात मिसळू नका, ते मी पुढच्या महिन्यात वेगळे पाठवते, आणि ते ऑपरेशन लग्नानंतर करू असं म्हणू नका प्लीज.

मला माहितीये की गणपतीला आले नाही आणि आता फिरायला सुट्टी कशी मिळाली असं काकू म्हणणार. गणपतीत ऑफिसने सोडलं नाही हे खरंच आहे. साखरपुड्याला पण मी नसणार. दोनदा विमानाचं तिकीट परवडत नाही, हे मी हिशोब करून बघितलं, परत परत बघितलं. उरलेली सगळी सुट्टी फेब्रुवारीत लग्नाला, हळदीच्या आधी येते आणि पूजा होईपर्यंत थांबते. वहिनीसाठी काय आणू ते तिलाच विचारा, मला अंदाज येत नाही. साखरपुड्याला व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा मोबाईल कोणाच्या तरी हातात द्या, मागच्या वेळी दोन तास मी छताचा पंखा बघत होते.

म्युनिकच्या त्या मुलाला भेटीन. मावशीला सांगा, स्टेशनवर कॉफी, एक तास, बस्स. त्याच्यासाठी म्युनिक ठेवलेलं नाही, म्युनिक आधीपासूनच प्लॅनमध्ये होतं.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, गाड्यांची यादी वेगळ्या पानावर टाकलीये, कुठे बदलायला वेळ कमी वाटला तर पेनाने खूण करून दादाला फोटो पाठवायला सांगा. आणि त्या मुलाचा बायोडेटा परत पाठवू नका, मावशीने पण पाठवला, काकूने पण.