सरांचे कागद कुठे ठेवायचे?

रामबाग, इंदूर

प्रिय बंड्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तुझी पत्रं टेबलावर पडून आहेत आणि मी फोनवर नुसतं 'लिहितो रे, लिहितो' करत आलोय. तब्येत ठीक. साखर आहे, ती आता घरचीच झाली. हिची मान दुखते, त्याचं खापर माझ्या घोरण्यावर. संपलं तब्येतीचं.

कृष्णपुऱ्याचं, नदीकाठच्या होळकरांच्या छत्र्यांचं ते चित्र सापडलं.

हो, तेच. आपल्या ड्रॉइंगच्या सरांच्या मुलाने घर विकलं तेव्हा दोन पत्र्याच्या पेट्या माझ्या दारात आणून ठेवल्या, 'काका, तुमच्याकडे नीट राहतील' म्हणाला आणि पुण्याला गेला. मी त्या माळ्यावर चढवल्या. या पावसाळ्यात माळ्याला ओल आली म्हणून उतरवल्या, तर तळाशी हे. छत्रीच्या घुमटावर रंग ओला असतानाच सरांनी अंगठ्याने टिपून उजेड काढला होता, तो तसाच आहे. अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसतात. नदी तुझी, हे मी आजही मान्य करतो. पण कागद माझा, घुमट सरांचा. तेव्हा गॅदरिंगपासून तू जे 'माझं चित्र, माझं चित्र' चालवलंयस ते आता बंद. सही कुणाचीच नाही, मी भिंग लावून पाहिलं.

आता खरं दुखणं ऐक. बाकीच्या कागदांना कसर लागलीय. सरांनी खळ लावून जिथे जिथे कागद पुठ्ठ्यावर चिकटवला, नेमकं तिथेच तिने जेवण केलंय. पुठ्ठ्यातलं आम्ल उतरून कडेने तांबूस चौकटी पडल्यात. दोन चित्रांवर सेलोटेपचे पिवळे पट्टे आहेत. टेप कोण लावायचा ते मी लिहीत नाही, वहिनी पत्र वाचतात. मी कागद सावलीत पसरले, मऊ ब्रशने झटकले, मध्ये बटर पेपर घातले आणि आता ते दिवाणावर आहेत. पाहुणे आले की जमिनीवर बसतात. ही म्हणते, दिवाळीच्या आत काय तो निर्णय घ्या. बरोबरच आहे तिचं. आमचे चिरंजीव बंगळुरात दोन खोल्यांत राहतात, मी गेल्यावर हे कागद त्यांच्या कपाटात जाणार नाहीत, थेट रद्दीत जातील. रात्री तीन वाजता मला मरणाची भीती वाटत नाही रे, रद्दीवाल्याचा काटा दिसतो.

म्हणून जागा बघत हिंडलो. आधी धार. फडके स्टुडिओ आपण सरांबरोबर पाहिला होता, तू तिथे पेरू खात होतास. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा करणारा माणूस माळव्यात येऊन राहतो काय, 1961 साली तिथे पद्मश्री येते काय! ते चेहरे बघताना मला हेवा वाटला. शिल्पकाराचं बरं असतं, त्याचं काम कसर खात नाही.

मग तुझ्या आजोळी, देवासला. तिथल्या मंडळींनी एका जुन्या वाड्याच्या खालच्या मजल्यावर कलाकेंद्र चालवलंय. वर तबल्याचा क्लास, त्यामुळे खाली चित्रं बघताना पाय आपोआप ठेका धरतात. तीन खोल्यांत चित्रं. पहिलीत टेकरी, दुसरीतही टेकरी, सगळ्या सूर्यास्ताच्या आणि सगळ्या भगव्या. तिसऱ्या खोलीत मात्र कुणीतरी वाळकी पानं आणि काटक्या जुळवून माणसं केली होती. आपल्या इंदूरच्या चित्रकार चिंचाळकर गुरुजींची नक्कल, पण प्रेमाने केलेली, मी बराच वेळ उभा होतो. मागच्या पडवीत मुलं वॉटरकलर करत होती. एक मुलगी आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, अर्धा वाळल्यावर त्यात पुन्हा ब्रश घालत होती, फुलकोबीसारखे डाग पडत होते आणि ती चिडून अजून पाणी ओतत होती. अगदी तू.

केंद्र बघणारे निवृत्त पोस्टमास्तर आहेत. सरांचं नाव काढल्यावर उठून उभे राहिले. कागद द्या म्हणाले, उद्याच्या उद्या लावतो. मी भिंत पाहिली. समोर पश्चिमेची खिडकी, वर ट्यूबलाइट, चित्रांना काच नाही. मी त्यांना समजावलं की वॉटरकलरला म्युझियमवाले 50 लक्सच्या वर उजेड देत नाहीत, काही महिने लावून पुन्हा अंधारात ठेवतात, नाहीतर सरांचा तो लाडका लाल, अलिझारिन क्रिमसन, आधी उडेल आणि चित्रांतल्या सगळ्या संध्याकाळी राखाडी होतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडदा लावू की. पडद्याचे पैसे तुम्ही देणार का?" माणूस मला आवडला.

दुसरा रस्ता म्हणजे भोपाळ किंवा तुमचं बडोदं. मोठ्या ठिकाणी घेतले तर टिकतील, पण नंबर पडून ड्रॉवरमध्ये जातील. घेतील का हाही प्रश्नच. देवळालीकर मास्तरांच्या इथल्या चित्रशाळेतले चित्रकार बेंद्रे, हुसेन सगळ्यांना ठाऊक. बेंद्र्यांनी 1950 साली बडोद्याला जाऊन तिथली पोरं घडवली. पण इथेच राहून आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्याच्या पेट्यांना कोण विचारतो? इथल्या गॅलरीत प्रदर्शन लावता येईल, चहा-समोसे होतील, चार भाषणं होतील आणि पाचव्या दिवशी कागद परत माझ्या दिवाणावर.

माझं असं ठरत आलंय. चांगली निसर्गचित्रं, तीसेक असतील, ती आम्लविरहित माउंट करून मोठ्या ठिकाणी द्यायची, घेईपर्यंत पाठपुरावा करायचा. देवासला सरांचे डेमोचे कागद द्यायचे. आठवतात ना, एका कागदावर चार वॉश, खाली पेन्सिलने 'थांबा' आणि 'आता' लिहिलेलं? ते पोरांसाठीच केले होते, पोरांच्या हातात मळले तरी चालतील. त्या मुलीला 'थांबा'चा कागद आजच हवाय. पडद्याचे पैसे तू आणि मी अर्धे अर्धे. सरांच्या मुलाला फोन केला, त्याची हरकत नाही. तो 'बघा काका तुम्हाला योग्य वाटेल ते' म्हणाला, मला जरा लागलं, पण सोड.

तुझं काम दोन गोष्टींचं. फाइन आर्ट्सच्या ओळखीतून कागद दुरुस्त करणारा जाणकार माणूस शोध, टेपचे डाग मी स्वतः काढायला जाणार नाही. आणि कृष्णपुरा कुठल्या गठ्ठ्यात घालायचा ते सांग. मोठ्या ठिकाणी दिला तर चित्रकाराच्या रकान्यात काय लिहिणार? मी 'सर आणि विद्यार्थी' लिहीन. तू भांडशील, माहीत आहे, पण लेखी भांड, म्हणजे पुरावा राहील.

बाकी तुझ्या निवृत्तीचं अभिनंदन, नातीचं बारसं झालं का, नाव कळव. वहिनींना गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नका म्हणावं. दिवाळीनंतर या दोघं, सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू सुरू झालेले असतील. यायच्या आधी कळव, दिवाण रिकामा करावा लागेल.

तुझा,
सुध्या