मी ब्रेमेनला अर्ज केलाय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगून पाहणार होते. पण दोन वाक्यं झाली की बाबा "आईशी बोल" म्हणतात आणि आई "जेवलीस का?" विचारते, की झालंच. दादाला बजावलंय, पत्र तुमच्या हातात द्यायचं, स्वतः वाचून दाखवायला बसायचं नाही.

जर्मनीत ब्रेमेन विद्यापीठात अर्ज भरलाय. पर्यावरण भौतिकी, दोन वर्षं, इंग्रजीतून. प्रवेश मिळाला तर मी जाणार आहे. "जाऊ का?" असं लिहिलं होतं, मग खोडलं. तुम्ही "नको" म्हणाला असतात तर मला फक्त वाईट वाटत राहिलं असतं.

आई, तू म्हणशील, एम.एस्सी. झालीय, परत कशाला? झालीय, पण गणेशखिंडीतल्या विद्यापीठातून बाहेर पडले आणि हिंजवडीत बँकांची सॉफ्टवेअरं तपासत बसले. त्यात भौतिकशास्त्र कुठे होतं? पगार होता, तो आता कामाला आला. तिथल्या सरकारी विद्यापीठात शिकवण्याची फी नाही. दर सहा महिन्यांनी काहीशे युरो भरायचे, त्यातच बस-ट्रामचा पास. स्टुटगार्टकडे आपल्यासारख्यांकडून सत्राला १५०० युरो घेतात, म्हणून ते नाव मीच यादीतून काढलं. व्हिसासाठी सध्या वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका खात्यात अडकवून दाखवावे लागतात. तिथे गेल्यावर त्यातलेच महिन्याला ९९२ हातात येतात, बाबांच्या पेन्शनसारखे. माझ्या मार्कशीट खऱ्या आहेत हे एपीएसकडून, म्हणजे जर्मन दूतावासाच्या कागद तपासणाऱ्या विभागाकडून, तपासून घेतलं, त्याचे १८,००० रुपये गेले. सगळं माझ्या साठवणीतून. तुमच्या एफडीला हात लावलात तर मी जाणारच नाही. (जाईन, पण भांडून.)

बाबा, अर्जासोबत "हाच विषय का?" असं एक पत्र द्यायचं असतं. मला काही सुचेना. शेवटी गच्चीवरची पाऊस मोजायची बाटली लिहिली. तुम्ही वेधशाळेत, शिमला ऑफिसला निघण्याआधी, बरोब्बर साडेआठला, मला पट्टी धरून पाणी मोजायला लावायचात. एक दिवस मी झोपून राहिले आणि अंदाजे आकडा टाकला. तुम्ही ओरडला नाहीत, वहीत त्या दिवसाची जागा रिकामी सोडलीत. ते मला अजून टोचतं. त्या विद्यापीठात उपग्रहांवरून हवेतले वायू मोजतात. माझ्या मते काम तेच, बाटली फक्त फार वर गेलीय.

ब्रेमेन अगदीच परकं नाही हं. आत्याकडे औंधला जाताना ब्रेमेन चौक लागतो ना, तेच. पुण्याशी त्या गावाची जुनी मैत्री आहे, बाबांनीच सांगितलं होतं.

आई, तिथल्या विद्यार्थ्यांच्या खानावळीत शाकाहारी मिळतं. तूरडाळ, हिंग दुकानात असतं. गोडा मसाला नसेल, तो तू देशीलच. थंडी आहे, पण घरं गरम असतात, आणि तुझा तो मरून स्वेटर मी आधीच कपाटातून उचललाय. आरोग्य विमा सक्तीचा आहे, त्यामुळे आजारी पडले तर वाऱ्यावर नाही. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तुझी दुपारची झोप होईल तेव्हा मी डबा भरत असेन. आणि लग्नाचं… त्याच्यावर फुली मारलेली नाही गं, एवढंच आत्ता सांगते. मावशीला काही कळवू नकोस, निदान प्रवेशाचं कळेपर्यंत.

आता मुकाट्याने ऐका. नागपूरहून आल्यावर जिने दिवसातून एकदाच. भाजी खालून टोपलीत वर ओढायची, आई, दोरी मी बदललीय. बाबांनी कमला नेहरू पार्कात फिरून आल्यावर कोपऱ्यावर साबुदाणा वडा खायचा नाही. मला कळतं, तो काका मला सांगतो. रात्रीची गोळी जेवणानंतर, आधी नाही. सोसायटीच्या सभेत लिफ्टवरून आवाज चढवायचा नाही, लेखी द्या. दादाकडे आहात तोवर दोघांनीही रक्त तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा. कागद सरळ धरून काढा, बाबा, मागच्या वेळी नुसता अंगठा आला होता.

तुमची,
मनी