ऑप्टोकपलरचा रेझिस्टर: नुसता आकडा नको, हिशोब पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पोरांसाठी आर्डुइनो (प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड), ऑप्टोकपलर (आत एलईडी आणि समोर त्याचा उजेड ओळखणारा भाग, म्हणजे सिग्नल तारेऐवजी उजेडानं पलीकडं जातो) आणि रिलेचं (विजेनं चालू-बंद होणारा स्विच) सर्किट आलं, त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण मराठीत असलं काही वाचायला फार कमी मिळतं. पण त्यात ऑप्टोकपलरच्या आधी 220 ओमचा रेझिस्टर (करंट आवरणारा भाग) लावा एवढंच लिहिलंय, 220 च का ते कुठंच नाही, आणि माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच आहे.

माझं तालुक्याला मोटार रिवाइंडिंग आणि स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या महिन्यात अकरावीतला एक पोरगा प्लॅस्टिकच्या डब्यात बोर्ड घेऊन आला. त्यांच्या शेतीला आठवड्यातले काही दिवस रात्रीची थ्री फेज असते, लाईट आली का बघायला वडील बॅटरी घेऊन रानात जातात, म्हणून यानं लाईट आली की फोन वाजेल असं केलेलं. दोन दिवस चाललं आणि बंद. डबा उघडला तर जळका वास, रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे काळे पडून गेलेले, खालचा बोर्ड करपलेला. 230 व्होल्टवर एकच 33 किलोओमचा पाव वॅटचा रजिस्टन्स (आमच्याकडं सगळे रजिस्टन्सच म्हणतात) लावलेला. 230 गुणिले 230 भागिले 33 हजार, म्हणजे 1.6 वॅट उष्णता. पाव वॅटवाला किती दिवस तग धरणार! शिवाय उलटा करंट एलईडीच्या बाजूनं वळवणारा उलटा डायोड नव्हता आणि पीसी817 च्या (त्यानं वापरलेला ऑप्टोकपलर) आतल्या एलईडीला उलटे 6 व्होल्टच चालतात, इथं तर शिखराला 325 येतात.

मी त्याला 47 किलोओमचे अर्ध्या वॅटचे दोन एकामागं एक लावून दिले, म्हणजे करंट अडीच मिलिअँपिअरच्या आसपास आणि प्रत्येकावर साधारण 0.28 वॅट. दोन लावायचं कारण व्होल्टेजपण वाटलं जातं, छोट्या रेझिस्टरला व्होल्टेजचीही मर्यादा असते हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. एलईडीला उलटा 1एन4007 डायोड टाकला. मग प्रोग्रॅम दर सेकंदाला 50 वेळा लाईट गेली असं समजायला लागला, कारण एलईडी एसीच्या अर्ध्याच भागात पेटतो, तेव्हा 40 मिलिसेकंदात एकदाही सिग्नल आला नाही तरच गेली समज असं त्यानं बदललं. आता नीट चाललंय.

कमी व्होल्टचा हिशोब तर याहून सोपा, नववीला येणारा ओहमचा नियमच. पीसी817 चा एलईडी साधारण 1.2 व्होल्ट स्वतःकडं ठेवतो, 5 मधून वजा केले की 3.8 उरले, 10 मिलिअँपिअर पाहिजेत तर 380 ओम, बाजारात 390 मिळतो. तुमच्या 220 नं 17 मिलिअँपिअर जातात, चालतं, पण आर्डुइनो उनोच्या पिनला 20 च्या आत ठेवायचं असतं म्हणजे जवळ जवळ कडेलाच. आणि कुणी तेच 220 बघून 12 व्होल्टला लावलं तर 49 मिलिअँपिअर, एलईडीची कमाल मर्यादा 50, आणि रेझिस्टरवर अर्ध्या वॅटच्या वर. पोरं असंच करतात हो, आकडा लक्षात राहतो, 5 व्होल्ट राहत नाही.

ऑप्टोकपलरच्या पलीकडच्या, म्हणजे आउटपुटच्या बाजूचा रेझिस्टर तर लेखात नुसता 1 किलोओम म्हणून उरकलाय. पीसी817 वर नंबराच्या पुढं ए, बी असं प्रतीचं अक्षर नसेल तर 5 मिलिअँपिअर आत दिल्यावर बाहेर त्याच्या निम्मे येतील का सहापट हे पीसवर अवलंबून, म्हणून हिशोब निम्म्याचाच धरायचा. म्हणजे हमी अडीचची, आणि 5 व्होल्टला 1 किलोओम मागतो जवळजवळ 5, मग आउटपुटचं व्होल्टेज धड शून्याजवळ येत नाही आणि पोरगं दिवसभर प्रोग्रॅम तपासत बसतं. 10 किलोओम लावला तर अर्ध्या मिलिअँपिअरमध्ये भागतं, आणि एलईडी वर्षानुवर्षं मंद होत जातो त्यालाही जागा राहते. फार वेगाचा सिग्नल असेल तर मात्र 10 किलोओमनं बंद व्हायला उशीर लागतो, पण रिले आणि लाईटच्या कामाला काही फरक पडत नाही.

आणखी एक, लेखातल्या चित्रात दोन्ही बाजूंचं ग्राउंड एकाच रेषेनं जोडलंय. तसं केलं तर मग ऑप्टोकपलर लावलाच कशाला? मधे फक्त उजेड असावा, तार नसावी, हेच तर त्याचं काम. 230 व्होल्टच्या कामात कुणी ते चित्र बघून जोडणी केली तर पोराच्या हाताशी थेट फेज येईल. येत्या रविवारी निदान ती रेष काढून चित्र परत छापा, आणि शेजारी 390 कसा आला त्या दोन ओळी टाका. जागा कमी असेल तर माझं पत्र कापा, पण चित्र छापाच.

तुमचा एक स्टार्टर दुरुस्तीवाला वाचक