बाबा, तुमचा व्हर्नियर घेऊन या

उलवे, नवी मुंबई

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

बाबा, अख्ख्या कळव्यात तुम्ही सांगत सुटलायत की पोरगी साहेब झाली. साहेबबिहेब काही नाही, विमान दुरुस्तीच्या शिफ्टची इनचार्ज झालेय. हाताखाली नऊ जण आणि रात्री मुक्कामाला असतील तेवढी विमानं. २५ डिसेंबरला इथला विमानतळ सुरू झाला तेव्हापासून घर जवळ आलं, झोप मात्र लांब गेली.

आई, तू विचारतेस, करतेस तरी काय रात्रभर? परवाचंच सांगते. ए३२० विमानाचं चाक बदललं. त्या चाकात साधारण २०० पीएसआयने नायट्रोजन भरलेला असतो. बाबांच्या स्कूटरला तीसेक पुरायचा. काम झालं की टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, माझी सही आणि लायसन्सचा नंबर. ती सही पडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. ७५ टक्क्यांखाली नापास करणारे लायसन्सचे ते पेपर मी ओट्याशी बसून अभ्यास करून दिले, ते या सहीसाठी.

तर परवा पहाटे हत्यारं मोजताना पान्याचा एक सॉकेट कमी. विमानात राहिला असेल तर घात. विमान ५.४० ला सुटायचं. नवा पोरगा, पनवेलचा, स्वतःहून पुढे आला: "मॅडम, माझ्याकडेच होता. कुठे ठेवला आठवत नाही." तोंडावर शिवी आली होती (आई, हे वाचलं नाहीस असं समज). गिळली. विमान थांबवलं, टॉर्च घेऊन सगळे व्हील वेलमध्ये, म्हणजे चाकं आत जातात त्या खोबणीत, घुसलो. वरून फोनवर फोन, ते मी घेतले. सॉकेट शेवटी चिंध्यांच्या पिशवीत सापडला. पन्नास मिनिटं उशीर झाला, त्याचा खुलासा मी लिहून दिला.

आता जे आठ वर्षं सांगितलं नाही ते. ट्रेनी असताना माझ्याकडून असाच एक तपासणीचा आरसा हरवला होता. आमचा तेव्हाचा इनचार्ज चारचौघांत आईबापावरून बोलायचा. मी स्टोअरला सांगितलं, दुसऱ्या टीमकडे आहे. विमान गेलं. आरसा संध्याकाळी माझ्याच बॅगेच्या फाटलेल्या अस्तरात निघाला, पण दिवसभर मला ते माहीत नव्हतं. दीडशेच्या वर माणसं हवेत, आणि मी गप्प. त्या रात्री जेवले नाही आणि पित्त झालंय म्हणाले. आई, तू आलेपाक दिला होतास.

ट्रेनिंगमध्ये १९९० ची एक गोष्ट शिकवतात. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत उडाली, कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. वाचला, नशीब. आदल्या दिवशी पहाटे ती काच बसवली होती खुद्द शिफ्ट मॅनेजरने, माणसं कमी म्हणून स्वतःच्या हातांनी. ९० पैकी ८४ बोल्ट कमी जाडीचे होते. जुन्या बोल्टशी डोळ्यांनी जुळवून घेतलेले! स्टोअरच्या माणसाने त्याला बरोबर साइज सांगितली होती. पण साहेबासमोर तो कितीदा सांगणार?

मला त्या स्टोअरवाल्याचीच काळजी वाटते. माझ्या शिफ्टमध्ये असा कुणी दुसऱ्यांदा बोलेल का? म्हणून रोज काम वाटून झालं की सगळ्यात नव्या पोराला आधी बोलायला लावते. जुने लोक वैतागतात. माझाही जीव कासावीस होतो, कारण पाना हातात घेऊन दोन मिनिटांत होणारं काम मी पंधरा मिनिटं नुसतं बघत उभी असते.

बाबा, वागळे इस्टेटमधून तुम्ही घरी यायचात आणि मी पट्टीने काही मापलं की म्हणायचात, "अंदाजपंचे नको, व्हर्नियर आण." तो व्हर्नियर पोरांना दाखवायचाय. कामाला चालणार नाही, कॅलिब्रेशनचा, म्हणजे माप अचूक असल्याचं तपासल्याचा, स्टिकर नाही त्याच्यावर.

रविवारी मला सुट्टी आहे. ठाण्याहून पनवेल गाडी धरा, नेरुळला उतरून उरणची घ्या आणि बामणडोंगरीला उतरा. मी स्टेशनवर येते. आई, पोळ्या करून आणू नकोस, इथे करू. आलेपाक आण.

तुमची,
चिमी