घसरणाऱ्या गाडीचे पुढचे आणि मागचे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की कुंभार्ली घाटात गाड्या कठड्याला घासल्याच्या बातम्या येतात आणि 'चालकाचे नियंत्रण सुटले' एवढ्यावर विषय संपतो. नियंत्रण सुटते म्हणजे काय, हे मी चिपळूणला ड्रायव्हिंग शिकवताना रोज सांगतो, म्हणून हे पत्र.

वळणावर वेग जास्त असला की आधी पुढच्या टायरांची पकड सुटते. स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढची चाके फिरवते, त्यामुळे हेच जास्त घडते. घाबरून माणूस स्टिअरिंग आणखी पिळतो. तिथेच घात होतो. अॅक्सिलरेटर हळूच सोडा, स्टिअरिंगचे वळण किंचित कमी करा, पकड परत येते.

मागची चाके सुटली तर गोष्ट अधिक अवघड. गाडीचे ढुंगण बाहेर फेकले जाते. तेव्हा ब्रेक मारू नका. मागचा भाग ज्या बाजूला जातोय, त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवा आणि गाडी सावरू लागताच लगेच सरळ करा. उतारावर, भर वळणात अॅक्सिलरेटर एकदम सोडल्यानेही हे होते.

आणखी एक. दोनच नवे टायर घेतले की गॅरेजवाले ते हमखास पुढे बसवतात. ते मागे बसवायला सांगा. मागची घसरण सावरणे नवख्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

परवान्याच्या चाचणीत यातले काहीच विचारत नाहीत. निदान तोंडी तरी विचारावे, ही परिवहन विभागाला कळकळीची विनंती.

– एक ड्रायव्हिंग प्रशिक्षक, चिपळूण