सुसरींनाही ट्रान्समीटर मिळू द्या

महोदय,

कुनोत २०२२ मध्ये चित्ते आले आणि ‘रेडिओ कॉलर’ (प्राण्याचा ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) हा शब्द ग्वाल्हेरच्या चहाच्या टपरीवरही रुळला. पण जवळच्या चंबळेतल्या सुसरींबद्दल कोण बोलतं? मुरैन्याजवळच्या देवरी केंद्रात अंड्यांतून पिल्लं वाढवून नदीत सोडतात. त्यातली किती जगतात, पुरात कुठे वाहून जातात, हे शेपटीच्या खवल्यांवर तसाच संकेत पाठवणारा ट्रान्समीटर बसवल्याशिवाय कळणं कठीण. २००७-०८ च्या हिवाळ्यात शंभरावर सुसरी दगावल्या होत्या, म्हणून ही माहिती हवीच.

उपकरणांसाठी अनुदान देणाऱ्या संस्थांनी एक अट घालावी. ट्रान्समीटरची बॅटरी संपते, पण रिसीव्हर आणि अँटेना वर्षानुवर्षं चालतात. प्रकल्प संपल्यावर ते कपाटात कुलूपबंद न ठेवता विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जमा व्हावेत आणि पुढच्या विद्यार्थ्याला उसने मिळावेत. साधी व्हीएचएफ पद्धत (रेडिओ लहरींचे संकेत जवळून पकडण्याची) उपग्रह कॉलरपेक्षा बरीच स्वस्त, मात्र अँटेना हातात धरून काठाकाठानं हिंडावं लागतं. तशी तयारी असलेली मुलं इथं आहेत. (देणगीदारांना वाघ-चित्ते जास्त देखणे वाटतात, ते सोडा!) वन खात्याची परवानगी वेळेत मिळाली, तर येत्या हिवाळ्यातच काम सुरू करता येईल.

– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर